विजेते संघ, ओस मैदाने

इंग्लंडमधील स्विंडन हे शहर गोमंतकीयांना आज परके राहिलेले नाही. पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे सासष्टी, बार्देश, मुरगाव या तालुक्यांतून बाहेर पडलेली हजारो माणसे तेथे गोदामांत, कारखान्यांत व इस्पितळांत राबत आहेत आणि त्यांनी पाठविलेल्या पैशांवर इकडील कित्येक घरांचे छप्पर नवे झाले आहे. या स्विंडनच्या उत्तरेस ब्लन्सडन येथे ॲबी स्टेडियम नावाच्या मैदानावर १९४९ पासून स्पीडवे नावाचा खेळ चालत असे. आपल्याकडे हा खेळ कोणी पाहिलेला नाही, म्हणून दोन शब्दांत सांगावयास हवे. ५०० सी. सी.ची मोटारसायकल, तिला ब्रेक नाही, गिअर एकच. लंबवर्तुळाकार मातीच्या वाटेवर चार स्वार चार फेऱ्या मारतात आणि प्रत्येक वळणावर मागचे चाक आडवे घसरवीत, डावा पाय जमिनीवर टेकवीत पुढे निघतात. एक शर्यत मिनिटाभरात आटोपते. संध्याकाळभरात अशा पंधराएक शर्यती होतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज करून दोन शहरांमधला सामना निकालात निघतो. स्विंडनचा संघ २०१९ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीचा विजेता ठरला. पुढच्या वर्षी महासाथीने मैदाने बंद पडली, मैदानाच्या पुनर्बांधणीचे घोंगडे भिजत राहिले आणि २०२२ मध्ये, संघ आता परत येणार नाही, असे चालकांनी जाहीर करून टाकले. विजेतेपदाचा चषक उंचावलेला संघ त्यानंतर एकदाही धावला नाही.

सातासमुद्रांपलीकडील ही हकिकत गोव्यातील वाचकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच की, ती त्यांना ओळखीची वाटावी. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा हंगाम भारतातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचे, म्हणजे आय-लीगचे, विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. कोलकात्याच्या ज्या संघांच्या नावाने देशभर फुटबॉल ओळखला जातो, त्यांना सहा वर्षे या चिमुकल्या राज्याच्या संघांनी मागे ठेवले. २०११-१२ च्या हंगामात स्पर्धेतील चौदा संघांपैकी चार गोव्याचे होते. मुंबई किंवा दिल्लीला हे भाग्य लाभले असते तर एव्हाना त्यावर ग्रंथ निघाले असते. आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, २०१६ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात, साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिन्ही संघांनी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. धेंपोने तर त्याच वर्षी दुय्यम श्रेणी जिंकून वरच्या श्रेणीत परतण्याचा हक्क मिळविला होता. तोही त्यांनी सोडून दिला.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. हे संघ बाहेर पडले तेव्हा गोव्यात मोर्चा निघाला नाही, मैदानाच्या दारावर कोणी धरणे धरले नाही. तिन्ही संघांचे निर्णय वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर छापून आले, चार दिवस चर्चा झाली आणि विषय मिटला. कारण ज्यांनी आक्रोश करावयाचा तो प्रेक्षक त्यापूर्वीच उठून गेला होता. संघ भारताचा विजेता ठरत असतानाही फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर पायऱ्यांचे मोकळे सिमेंट दिसत असे. विजेतेपद हे गर्दी खेचण्याचे हमखास साधन आहे, अशी जी आपली समजूत आहे ती या सहा वर्षांनी खोटी ठरविली. आमच्या मते गोव्याच्या फुटबॉलची खरी दुखणी येथून शोधावयास हवीत.

गर्दी का ओसरते याची ठराविक कारणे सर्वांना तोंडपाठ आहेत. दूरचित्रवाणीवर युरोपचे सामने घरबसल्या दिसतात, तरुणांच्या हातात मोबाईल आला, क्रिकेटने सर्व खेळ गिळले, पूर्वीसारखे खेळाडू राहिले नाहीत. इंग्लंडमध्येही स्पीडवेच्या बाबतीत नेमके हेच बोलले जाते. एकेकाळी तो त्या देशातील सर्वांत गर्दीच्या खेळांपैकी एक होता. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळ हाय बीच येथे पहिली मोठी शर्यत झाली आणि दहा वर्षांच्या आत जागतिक अंतिम शर्यतीसाठी वेम्ब्लीचे प्रचंड मैदान भरू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तर कामगारवर्गाची ती आठवड्याची जत्राच होती. अगदी १९८१ मध्येही वेम्ब्लीवर नव्वद हजारांच्या घरात माणसे जमली. त्यानंतर उतरण लागली. कोव्हेंट्रीचा संघ २०१६ नंतर आपल्या ब्रँडनच्या मैदानावर धावला नाही. वुल्व्हरहॅम्टन आणि पीटरबरो या दोन जुन्या ठिकाणांचे दरवाजे २०२३ च्या हंगामाअखेर बंद झाले. उरलेल्या ठिकाणी केसांची चांदी झालेले प्रेक्षक आहेत, त्यांच्यामागे नवी पिढी नाही.

परंतु दूरचित्रवाणीचे व मोबाईलचे कारण पुरेसे मानावे, तर पोलंडचे काय करावयाचे? तेथेही मोबाईल आहेत आणि दूरचित्रवाणीही आहे. तीच मोटारसायकल, तेच नियम, पुष्कळदा स्वारही तेच, कारण इंग्लंडचे उत्तम स्वार पोटापाण्यासाठी पोलंडच्या संघांकडून धावतात. तरीही लेश्नो, गोझूफ, तोरून अशा मध्यम आकाराच्या शहरांत मैदाने फुलतात. तोरूनला तर २००९ मध्ये खास या खेळासाठी नवे मैदान उभे राहिले. फरक आहे तो मालकीत आणि नावात. इंग्लंडमधील बहुतेक स्पीडवे संघांचे स्वतःचे मैदान कधीच नव्हते. कुत्र्यांच्या शर्यतींसाठी बांधलेल्या मैदानांवर ते आठवड्यातून एक संध्याकाळ भाड्याने घेत. जमिनीचे भाव चढले, मालकाला घरे बांधावीशी वाटली किंवा ती संध्याकाळ कुत्र्यांसाठीच अधिक किफायतशीर वाटली, की संघ रस्त्यावर. प्रेक्षकाला मैदानावर काय चालले आहे यात रस असतो, पण आपण पुढच्या वर्षी येथे असू की नाही याची शाश्वती नसेल तर तो मुलाला बरोबर आणीत नाही. आणि मुलगा आला नाही की वीस वर्षांनी प्रेक्षकच उरत नाही. मँचेस्टरच्या नगरपालिकेने हे ओळखले व २०१६ मध्ये बेल व्ह्यू संघासाठी नवे मैदान उभारले, म्हणून तेथे अजून धुगधुगी आहे.

आता गोव्याकडे वळू. येथे फुटबॉल आणला तो धर्मगुरू फादर लायन्स यांनी, १८८३ मध्ये शिवोलीत, अशी परंपरागत माहिती आहे. पुढील अर्ध्या शतकात तो सेमिनरीत आणि शाळांतून पसरला व कापणी झालेल्या शेतांत येऊन रुजला. यावरून फुटबॉल म्हणजे ख्रिस्ती समाजाचा खेळ, आपला तो क्रिकेट आणि कबड्डी, अशी एक समजूत आपल्या वाचकवर्गातही अधूनमधून ऐकू येते. ती वस्तुस्थितीला धरून नाही. गोव्याच्या आधुनिक फुटबॉलची उभारणी ज्या संघांनी केली त्यांतले दोन प्रमुख संघ हिंदू उद्योगपतींच्या घराण्यांनी चालविले. वासुदेव साळगावकर यांच्या पेढीने १९५६ मध्ये काढलेला संघ आरंभी विमसन या नावाने खेळे. डिचोलीतील एका संघाचा ताबा १९६८ मध्ये धेंपो घराण्याने घेतला आणि त्यातून धेंपो स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाचा सुवर्णचषक १९७० पासून खेळला जाऊ लागला, आणि त्या चषकासाठी देशोदेशीचे संघ गोव्यात येऊ लागले. ब्रह्मानंद शंखवाळकर या ताळगावच्या गोलरक्षकाने भारताचे कर्णधारपद भूषविले, १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळविली. वास्कोतील ज्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या सामने झाले त्याचे नावच टिळक मैदान आहे. तेव्हा हा वारसा एका समाजाचा नाही, सबंध गोव्याचा आहे. म्हणून त्याची हानीही सगळ्यांची आहे.

१९८३ मध्ये संतोष चषकाचे विजेतेपद गोव्याने बंगालबरोबर वाटून घेतले, पुढच्याच वर्षी ते एकट्याने जिंकले आणि १९९० मध्ये मडगावी आपल्या माणसांसमोर पुन्हा मिळविले. साळगावकरने १९८८ मध्ये फेडरेशन चषक गोव्यात आणला, १९९९ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. त्या काळातील प्रेक्षकांविषयी जुनी मंडळी बोलू लागली की त्यांना आवरणे कठीण जाते. झाडांवर चढून सामने पाहिल्याच्या आठवणी येतात, कोणत्या खेळाडूने कोणता गोल कोणत्या पायाने मारला यावर वाद झडतात. त्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरते. तो खेळाडू कोणत्या वाड्यावरचा, कोणाचा मुलगा, सकाळी कोणत्या खाण कंपनीच्या कचेरीत कामाला जातो, हे प्रेक्षकाला ठाऊक असे. कंपनीचे नाव छातीवर असले तरी खेळाडू गावाचा होता.

या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता आणि तो भरभराटीच्या काळात कोणाच्या ध्यानात आला नाही. हे संघ तिकिटांच्या पैशांवर कधीच जगले नाहीत. ते एकेका घराण्याच्या औदार्यावर व खनिज व्यवसायाच्या बरकतीवर जगले. प्रेक्षक आले काय आणि न आले काय, खेळाडूंचे पगार पहिल्या तारखेला होत. त्यामुळे प्रेक्षकांना मैदानावर आणणे, त्यांना सावली, पाणी, बसावयास धड जागा देणे, सामन्याची वेळ त्यांच्या सोयीची ठेवणे, या गोष्टी कोणाच्या कामाच्या यादीत आल्याच नाहीत. सामने दुपारच्या उन्हात, आठवड्याच्या कामाच्या दिवशी ठेवले जात. मडगावचा संघ कोणता, म्हापशाचा कोणता, फोंड्याचा कोणता, हेही हळूहळू पुसले गेले. सगळे संघ सगळीकडे खेळू लागले, म्हणजे कोणाचेच कोठे घर राहिले नाही. पुढे २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही काळ सुरू होऊन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. गोव्याच्या अर्थकारणाचा कणाच वाकला तेथे खेळावरील खर्च कोणाला सुचणार? संघांनी २०१६ मध्ये माघार घेताना दिलेले कारण मात्र वेगळे होते आणि ते न्याय्यही होते. नव्याने निघालेल्या इंडियन सुपर लीगला देशातील सर्वोच्च स्थान द्यावयाचे, आय-लीगला दुय्यम ठरवावयाचे आणि खालून वर जाण्याचा मार्ग तूर्त बंद ठेवावयाचा, असा अखिल भारतीय महासंघाचा मनसुबा होता. ज्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर भिंत बांधली आहे ती चढण्यासाठी पैसे खर्च करा, असे कोणत्या व्यवहारी माणसाला सांगावे? वरच्या श्रेणीचा मार्ग आय-लीगच्या विजेत्याला पुढे खुला झाला, पण तो २०२३ मध्ये. तोपर्यंत गोव्यातील एक पिढी वाया गेली होती.

सुपर लीगने गोव्यात आणलेला एफ. सी. गोवा हा संघ वाईट नाही. उलट त्याने दोनदा अंतिम फेरी गाठली, २०१९-२० मध्ये साखळीत अव्वल स्थान मिळविले, सुपर चषक जिंकला, आशियाई स्पर्धेत तो सन्मानाने खेळला. आरंभीच्या दोनतीन वर्षांत फातोर्ड्यावर जी नारिंगी गर्दी उसळली ती आम्हीही कौतुकाने पाहिली. परंतु देशभरात या स्पर्धेचे जे झाले तेच थोड्याफार फरकाने येथेही झाले. पहिल्या हंगामात सबंध स्पर्धेची सरासरी प्रेक्षकसंख्या वीस हजारांच्या वर होती, चारपाच वर्षांत ती बरीच खाली आली. मग महासाथीच्या दोन हंगामांत, २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये, सगळीच्या सगळी स्पर्धा गोव्यात भरविण्यात आली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथे भारतातील यच्चयावत उत्तम खेळाडू महिनोन्‌महिने खेळत होते आणि पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हते. साथीच्या दिवसांत दुसरा उपाय नव्हता हे मान्य. तरीही प्रेक्षकावाचून सामना होऊ शकतो, त्याचे पैसेही मिळू शकतात, हा धडा त्यातून खेळाच्या चालकांनी फार लवकर गिरविला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात सौदी अरबस्तानच्या अल नस्र संघाशी एफ. सी. गोवाचा सामना फातोर्ड्यावर झाला. रोनाल्डो येणार म्हणून महिनाभर आधीपासून गोवा उतावीळ झाला होता. तो आला नाही. गोवा १-२ असा हरला, पण ब्रायसन फर्नांडिस या आपल्या मुलाने आशियातील एका अत्यंत श्रीमंत संघाविरुद्ध गोल केला. दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत चर्चा मात्र न आलेल्या पाहुण्याचीच. हा दोष आम्ही प्रेक्षकाला देत नाही. ज्या खेळाची सगळी जाहिरात दूरच्या नावांवर उभी केली, त्याच्या प्रेक्षकाला जवळचे नाव दिसावे कसे? आणि त्याच वर्षीच्या जुलैत सुपर लीगच्या चालकांनी, महासंघाशी असलेल्या कराराचा निकाल लागत नाही तोवर स्पर्धा स्थगित, असे कळवून टाकले होते. २०२६ च्या जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांना मध्ये पडून फेब्रुवारीची तारीख जाहीर करावी लागली. गोव्याचा फुटबॉल जिच्या आधारावर टांगला होता ती खुंटी अशी दिल्ली-मुंबईच्या एका करारपत्राइतकी हलकी निघाली.

मग गोव्यात फुटबॉलचा प्रेक्षक संपला का? ज्याला असे वाटते त्याने पावसाळ्यात सासष्टीच्या कोणत्याही गावी आंतरग्राम स्पर्धेच्या अंतिम सामन्याला जावे. चिखलाने माखलेले मैदान, कडेला छत्र्यांची रांग, म्हाताऱ्या बायकाही घरचे काम टाकून आलेल्या, बाजूला मिरचीभज्यांची कढई. सामना सुरू होण्यापूर्वी तासभर जागा मिळत नाही. खेळ राष्ट्रीय दर्जाचा नसतो, मान्य आहे. पण एका गावाचा पराभव दुसऱ्या गावाच्या वर्षभर तोंडी राहतो. आपल्या वाचकांना हे समजण्यास फुटबॉलपर्यंतही जाण्याचे कारण नाही. गोव्यात व्यावसायिक नाटक कंपन्यांना प्रेक्षक मिळविताना नाकीनऊ येते, पण देवळाच्या जत्रेला किंवा काल्याला गावच्या पोरांनी बसविलेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि माणूस उठत नाही. राजाचे काम करणारा टपालखात्यात आहे आणि राणीच्या भूमिकेत शाळेतली बाई आहे, हे ठाऊक असते म्हणूनच ते पाहावयाचे असते. त्यातील संवाद चुकले तर हशा पिकतो, रंगले तर बक्षिसे जाहीर होतात. हा प्रेक्षक हौशी आहे, चोखंदळ आहे आणि त्याला खिशातून पैसे काढण्याची सवयही आहे. त्याला फक्त आपले कोणीतरी रंगमंचावर हवे असते.

गोवा फुटबॉल संघटनेची व्यावसायिक साखळी स्पर्धा आणि ही गावोगावची गर्दी या दोहोंमध्ये आज पूल नाही. साखळीतील संघांत गावांची नावे असतात, पण गावाच्या मैदानावर सामना क्वचित होतो. वेळापत्रक हंगामाच्या मध्येच बदलते. प्रेक्षकाला पुढचा सामना कोठे आणि केव्हा हे शोधून काढावे लागते. दुसरीकडे आंतरग्राम स्पर्धांना संघटनेने दीर्घकाळ संशयाने पाहिले. नोंदणीकृत खेळाडू तेथे खेळून दुखापत करून घेतात, बाहेरून पैसे देऊन आणलेले खेळाडू गावच्या नावाखाली उतरतात, अशा तक्रारी आहेत आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. तथापि रोग्याला ताप आहे म्हणून त्याचे रक्तच काढून टाकण्याचा हा प्रकार होईल. या स्पर्धांना नोंदणी, पंच आणि खेळाडूंचा विमा देऊन साखळीच्या तळाशी रीतसर जोडावे, गावच्या संघात किती खेळाडू त्या पंचायतीच्या हद्दीतील असावेत याचा नियम करावा आणि तालुक्याच्या विजेत्याला वर चढण्याची वाट मोकळी ठेवावी. धेंपो संघ दुय्यम श्रेणीतून खेळत खेळत २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. ही वाट चालता येते याचे ते ताजे उदाहरण आहे. पूर्वीचे वैभव असलेल्या संघाला खालून वर यावयास कमीपणा वाटला नाही, ही त्या घराण्याच्या खेळावरील निष्ठेची खूण मानली पाहिजे.

यावर आक्षेप येईल की, गावच्या अभिमानावर चाललेल्या फुटबॉलमधून भारताच्या संघात जाणारे खेळाडू निघणार नाहीत. त्यासाठी शिबिरे, परदेशी प्रशिक्षक, कृत्रिम हिरवळ हवी. हवीच. परंतु शिबिरातला मुलगा अठराव्या वर्षी बाहेर पडला की त्याने कोठे खेळावे? गोव्याबाहेरच्या एखाद्या संघाच्या राखीव खेळाडूंत बसून राहावे, की बोटीवर नोकरी धरावी, की स्विंडनच्या गोदामात जावे? आज हा तिसरा मार्ग किती मुलांनी घेतला ते प्रत्येक गावाला विचारावे. फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून सरकारने जाहीर केला आहे, त्याच्या विकासासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले आहे, प्रशिक्षणाची केंद्रे काढली आहेत. त्या केंद्रांतून निघालेल्या मुलाला आठवड्याच्या एका निश्चित संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात, आपल्या ओळखीच्या पाचशे माणसांसमोर खेळावयास मिळणे ही पुढची पायरी आहे आणि तीच गाळली गेली आहे.

मैदानांचा प्रश्न यातच येतो. इंग्लंडमधील स्पीडवे संघांवर आली ती वेळ आपल्याकडील गावांवर येऊ घातली आहे. फरक एवढाच की तेथे कुत्र्यांच्या शर्यती आड आल्या, येथे इमारती येत आहेत. ज्या शेतात कापणीनंतर मुले खेळत, ते शेत विकले जाते, रूपांतरित होते आणि पंचायतीच्या आराखड्यात मैदान म्हणून त्याची नोंद कधी नव्हतीच, म्हणून कोणाला हरकतही घेता येत नाही. कोमुनिदादींच्या ताब्यात अजून जमिनी आहेत. प्रत्येक पंचायतीने निदान एक मैदान प्रादेशिक आराखड्यात खेळासाठी कायमचे राखून घ्यावे आणि ते लग्नसमारंभ, राजकीय सभा व गाड्या ठेवण्याच्या कामी देऊ नये. १९,००० माणसे बसतील असे फातोर्डा आपल्याजवळ आहे. आणखी एका भव्य मैदानाची घोषणा ऐकण्याची गोव्यातील जनतेला आता उत्सुकता नाही. त्यापेक्षा वीस गावांत चार दिव्यांचे खांब आणि एका बाजूला पत्र्याचे छप्पर असलेल्या पायऱ्या अधिक उपयोगाच्या.

बांदोडकर चषक अनेक वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये पुन्हा फातोर्ड्यावर खेळला गेला, याचे आम्ही स्वागत केले पाहिजे. तो दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात व्हावा आणि परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या जोडीला गोव्याच्या साखळीतील विजेत्याला त्यात हक्काची जागा असावी. मुख्यमंत्रिपदी असतानाही गावोगावच्या खेळाडूंत मिसळणाऱ्या भाऊसाहेबांच्या नावाच्या स्पर्धेत त्यांच्याच मातीतील संघांना निमंत्रणाची वाट पाहावी लागू नये. दुसरी गोष्ट त्याहूनही किरकोळ आहे. फातोर्ड्यावरील रात्रीचा सामना संपतो तेव्हा मडगावहून केपे, सांगे, काणकोणकडे जाणाऱ्या माणसाला परतीचे वाहन मिळत नाही आणि फोंड्याच्या माणसाची तीच गत. स्वतःची दुचाकी नसलेला शाळकरी मुलगा किंवा साठीचा गृहस्थ मग घरीच बसतो. सामन्याच्या दिवशी शेवटच्या शिट्टीनंतर अर्ध्या तासाने या चार दिशांना एकेक बस सोडावी, असे क्रीडाखात्याने कदंब महामंडळाला पत्र लिहावे. त्याला अभ्यास समितीची आवश्यकता नाही.